मोठी गाडी गेली कुठे?

वसंतपंचमीला बासरच्या ज्ञानसरस्वतीच्या दारी मुलांच्या अक्षराभ्यासासाठी जी दाटी होते, तिच्यात मराठी बोलणारी कुटुंबे थोडीथोडकी नसतात. गोदावरीकाठचे हे गाव पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१६ पासून ते निर्मल जिल्ह्यात मोडते. नांदेड, धर्माबाद, भोकर, किनवट या बाजूच्या माणसाला ते कधीच परके वाटले नाही. १९५६ साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, किनवट मराठी मुलखात आले, बासर तेलुगु मुलखात राहिले. देवीकडे जाणाऱ्या पावलांनी मात्र ती रेषा कधी जुमानली नाही. हैदराबादेत, पुण्या-मुंबईत स्थायिक झालेली आपली मंडळीही मुलाच्या हाती पहिली पाटी देण्यासाठी येथे येतात. पाटीवर अक्षर उमटते, प्रसाद हाती पडतो, आणि मंडळी वाहनतळाशी येतात न येतात तोच एखादा वडीलधारा आप्त विचारतो, ‘व्हडली गाडी खंय गेली रे?’ कोणी कोंकणीत विचारतो, कोणी मराठीत; बोच दोन्हींत सारखीच.

ज्याला हे विचारले जाते त्या तरुणाने बहुधा त्याच वर्षी आयुष्यातले पहिले घर घेतलेले असते. त्यासाठी त्याने चौदा लाखांची नवीकोरी मोटार विकून कोणाची तरी वापरलेली, साधी, लहान मोटार घेतलेली असते. प्रश्न घराविषयी नसतो. घर किती खोल्यांचे, ऊन कोठून येते, आई-वडिलांना त्यात जागा आहे का, हे कोणी विचारीत नाही. विचारले जाते ते विकलेल्या गाडीविषयी, आणि विचारणाऱ्याच्या स्वरात ‘काही अडचण आली की काय’ अशी एक दबकी कुजबूज असते. या कुजबुजीविषयी आम्हांस काही स्पष्ट बोलावयाचे आहे. कारण तिच्या भीतीने सुजाण माणसे अविचार करताना आम्ही पाहत आहोत.

ही लाज आपल्या समाजात आली कोठून? ती जुनी नव्हे. आपल्या आजोबांच्या पिढीत घराची गोष्ट निघे ती निवृत्तीच्या सुमारास. भविष्यनिर्वाह निधी आणि उपदान हाती पडले की कोठे तरी दोन खोल्या व्हावयाच्या. तोवर भाड्याची चाळ किंवा सरकारी निवासस्थान. पगारदार माणसाला घरासाठी दीर्घ मुदतीचे कर्ज मिळणे दुर्मीळच होते. १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसी स्थापन केल्यावर ते दार हळूहळू किलकिले झाले. त्याही आधी ज्यांना निकड भासली त्यांनी एकमेकांच्या खांद्याला खांदा लावला. श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी १९०६ साली आपल्या गुरूंच्या नावे शामराव विठ्ठल सहकारी पतसंस्था काढली आणि १९१५ साली मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, तेव्हा सभासदांच्या दारी मोटार उभी आहे की नाही हे कोणी मोजले असेल असे वाटत नाही. मोजले जाई ते भागभांडवल आणि माणसाची पत.

मोटार तर त्या काळी मध्यमवर्गाच्या हिशेबातच नव्हती. फियाटसाठी नाव नोंदवावे आणि वर्षानुवर्षे वाट पाहावी. ज्याला मिळे त्याने ती वापरून विकली तरी कित्येकदा मूळ किमतीहून अधिक दाम येई. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली ती ४७,५०० रुपयांना, आणि तेथून मोटार नोकरदाराच्या आवाक्यात येऊ लागली. आज स्थिती उलटी आहे. पंचविशीतला मुलगा नोकरीला लागतो, सहा महिन्यांत सात वर्षांच्या हप्त्यांवर गाडी दारात येते, आणि घराचा विचार तिशीनंतर सुरू होतो. आधी घर आणि जमल्यास गाडी हा क्रम जाऊन आधी गाडी आणि मग घर असा क्रम आला. म्हणजे घरासाठी गाडी उतरवावी लागणे ही घटनाच नवी आहे. तिच्यासाठी आपल्यापाशी ना रूढी, ना शब्द. म्हणून जुन्या काळी दागिने मोडणाऱ्याकडे ज्या नजरेने पाहत त्याच नजरेने आपण आज गाडी मोडणाऱ्याकडे पाहतो. हे पाहणे चुकीचे आहे. सोने मोडले तर पुढे वाढणारी वस्तू जाते. मोटार ही दिवसेंदिवस झिजणारी वस्तू. विम्याच्या हिशेबात गाडीची किंमत कशी धरतात ते पाहावे: सहा महिन्यांत पाच टक्के घट, वर्षात पंधरा, दोन वर्षांत वीस, तीन वर्षांत तीस, चार वर्षांत चाळीस, पाच वर्षांत निम्मी. बाजार याहूनही निर्दय असू शकतो.

आता हिशेब मांडू. हिशेबाला कंटाळणाऱ्या वाचकांनी क्षमा करावी, परंतु या वादात भावनेचे बोलणे पुष्कळ झाले आहे. समजा, तरुणाचा पगार महिना एक लाख आहे. सर्व हप्ते मिळून पगाराच्या निम्म्यापुढे जाऊ नयेत अशी अट बँकेने धरली. तीन वर्षांपूर्वी घेतलेल्या मोटारीवर बारा लाखांचे कर्ज, व्याज नऊ टक्के, मुदत सात वर्षे. हप्ता सुमारे १९,३०० रुपये. घर साठ लाखांचे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ऐंशी टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे फार तर अठ्ठेचाळीस लाख. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी लाखामागे हप्ता ८६८ रुपये पडतो. गाडीचा हप्ता चालू ठेवला तर घरासाठी उरतात ३०,७०० रुपये, आणि तेवढ्यात कर्ज मिळते ते सुमारे साडेपस्तीस लाख. गाडीचा हप्ता नसेल तर अठ्ठेचाळीस लाखांचा ४१,६५० रुपयांचा हप्ता सुखाने बसतो. १९,३०० रुपयांच्या त्या एका हप्त्याने बावीस लाखांची कर्जक्षमता अडवून धरलेली असते.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी, कारण गाडी विकणारेही पुष्कळदा ती चुकीची समजतात. विक्रीतून हाती फारसे काही येत नाही. वरील गाडीचे तीन वर्षांनी सुमारे पावणेआठ लाख कर्ज शिल्लक असते. गाडी नऊ लाखांना गेली तर उरले सव्वा लाख. त्यात चार लाखांची वापरलेली गाडी घ्यावयाची तर पदरचे पावणेतीन लाख घालावे लागतात. म्हणजे या व्यवहारात रोख मिळत नाही, रोख जाते! मिळते ती हप्त्यातून मोकळीक. ज्याची गाडी कर्जमुक्त आहे त्याची गोष्ट निराळी. त्याच्या हाती पाच लाख राहतात, आणि त्यांची त्याला गरज असतेच. बँक मुद्रांकशुल्क व नोंदणी घराच्या किमतीत धरीत नाही. महाराष्ट्रातील शहरांत मुद्रांकशुल्क सहा-सात टक्के. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतले तर एक टक्का कमी. सहा टक्क्यांनी साठ लाखांवर तीन लाख साठ हजार, वर नोंदणीचे तीस हजार. हे सारे रोख मोजावे लागते.

‘मुदत तीस वर्षे करा, गाडीही राहील, घरही होईल,’ असे सांगणारे कर्जविक्रेते पदोपदी भेटतात. तीस वर्षांनी लाखामागे हप्ता ७६९ रुपयांवर येतो खरा. तरीही ३०,७०० रुपयांत चाळीस लाखांच्या आतच कर्ज बसते, अठ्ठेचाळीस नाही. आणि समजा, ओढूनताणून अठ्ठेचाळीस बसवलेच, तर वीस वर्षांत जे फेडायचे ते एक कोटीच्या घरात. तीस वर्षांत एक कोटी तेहेतीस लाखांच्या आसपास. तेहेतीस लाख रुपये अधिक! वाहनतळावरच्या त्या एका प्रश्नाला ‘गाडी आहे हो अजून’ असे उत्तर देता यावे म्हणून ही किंमत द्यावयाची काय?

धर्माच्या नावाने घेतला जाणारा आक्षेप मात्र आम्हांस अधिक सलतो. गाडीची देवापुढे पूजा झाली, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढले, चाकाखाली लिंबू ठेवले. आता ती विकणे म्हणजे लक्ष्मी घराबाहेर घालवणे, असे वृद्धच नव्हे तर शिकलेले लोकही म्हणतात. त्यांनी नांदेड जिल्ह्यातील शेतकऱ्याकडे पाहावे. पोळ्याला तो बैलाच्या पाया पडतो, पुरणपोळीचा घास भरवतो; आणि वेळ आली की तोच बैल लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत, देवाच्याच दारी, विकायला उभा करतो. त्याला कोणी अधार्मिक म्हटलेले आम्ही ऐकले नाही. पूजा ही वस्तूच्या उपयोगाबद्दलची कृतज्ञता असते. दसऱ्याला आपण शस्त्रे, वह्या, यंत्रे पूजतो, म्हणून वही भरल्यावर नवी घेत नाही काय?

आणि आश्रयाला अग्रक्रम देण्याचे उदाहरण शोधायला या वाचकांना दूर जावे लागणार नाही. सोळाव्या शतकात सासष्टीतली देवस्थाने उद्ध्वस्त होऊ लागली तेव्हा आपल्या पूर्वजांनी कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला नेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला नेली. नदी ओलांडून नेलेल्या देवाला प्रथम जे छप्पर मिळाले ते साधेच होते. कवळ्याचे भव्य देऊळ उठले ते अठराव्या शतकात, शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, नारोराम मंत्र्यांच्या पुढाकाराने. दीडशेहून अधिक वर्षे देवीने त्या वैभवाची वाट पाहिली. त्या पिढ्यांना कोणी ‘रथ कोठे आहे’ असे विचारून लाजवले असते तर?

याच्या उलट टोकाला एक पंथ आहे, त्याच्याशीही आमचे जमत नाही. घर घ्यायचे तर गाडी मुळीच नको, रिक्षा करा, असे हे लोक सांगतात. बासरला रेल्वेने जाता येते हे खरे. सिकंदराबाद-मनमाड मार्गावर स्थानक आहे. पण परवडणारे घर बहुधा शहराच्या कडेला मिळते, जेथे बस अर्ध्या तासाला एक आणि रुग्णालय दहा किलोमीटरवर. घरात सत्तरीची आई असेल तर गाडी ही चैन नव्हे. म्हणून आम्ही गाडी सोडा म्हणत नाही. गाडी उतरवा म्हणतो, आणि तेही डोळे उघडे ठेवून.

डोळे उघडे ठेवणे म्हणजे काय तेही सांगतो, कारण स्वस्ताच्या मोहाने प्राण धोक्यात घालणे हा काही काटकसरीचा मार्ग नव्हे. घसरण रोखणारी ब्रेकप्रणाली, जिला एबीएस म्हणतात, आपल्याकडे सर्व नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून आणि चालकासमोरची एअरबॅग जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. तेव्हा त्यापूर्वीची गाडी घ्यावयाची असेल तर त्या विशिष्ट गाडीत ही दोन्ही आहेत की नाहीत हे स्वतः पाहावे. नसतील तर ती कितीही स्वस्त असो, घेऊ नये. आपल्या गावच्या ओळखीच्या यांत्रिकाला सोबत न्यावे. सेवाकेंद्रातील नोंदी मागाव्यात. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान नव्या गाड्यांवरील वस्तू व सेवा कर अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला, हेही घासाघीस करताना विसरू नये; नवी स्वस्त झाली तर जुनीने जुन्या भावाचा हट्ट धरण्याचे कारण नाही.

सीमेवरच्या लोकांनी एक खबरदारी अधिक घ्यावी. नांदेडची एमएच २६ ची गाडी निर्मल किंवा निजामाबादच्या माणसाने घेतली, अथवा तेलंगणातली नांदेडात आली, तर पूर्वीच्या परिवहन कार्यालयाचे नमुना २८ चे ना-हरकत पत्र लागते. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवायची तर तेथे नवी नोंदणी आणि तेथला कर. दोनशे किलोमीटरवरच्या हैदराबादेत गाडी चाळीस हजारांनी स्वस्त मिळाली म्हणून हुरळणाऱ्याने हा कर आधी विचारून घ्यावा. विकणाऱ्याने तर याहून जपावे. नमुना २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून गाडी दलालाच्या हवाली करण्याची आपल्याकडे जी वहिवाट आहे ती घातक आहे. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले की, नोंदणीत ज्याचे नाव तो कायद्याने मालक, मग गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून फिरलेली असो. ज्याने गृहकर्ज नुकतेच डोक्यावर घेतले आहे त्याच्यावर दुसऱ्याने केलेल्या अपघाताची भरपाई येऊन पडली तर ते घर राहील काय?

उरला तो समाजाचा प्रश्न, आणि तो आमच्या मते एका छापील कागदावर येऊन ठेपतो. कित्येक वधूवरसूचींत ‘स्वतःचे घर’ या रकान्याशेजारी ‘चारचाकी’ असा रकाना असतो, आणि ज्यांचा मुलगा उपवर आहे अशी घरे त्या एका रकान्यासाठी दोन-तीन वर्षे गाडी विकायची लांबवतात. तोवर घर महाग होते आणि गाडी निम्म्यावर येते. ज्या मंडळांच्या सूची पुढच्या वर्षी छापल्या जाणार आहेत त्यांनी हा रकाना काढून टाकावा आणि त्या जागी ‘कर्ज किती, कशासाठी, किती वर्षांचे’ असे विचारावे. मुलीच्या वडिलांना हवी ती माहिती त्यातून मिळेल, आणि बासरच्या वाहनतळावर कोण कोणत्या गाडीतून उतरले हे पाहण्याची गरजही त्यांना उरणार नाही.