मुकीम की मुसाफिर?

घर शारजात आणि नोकरी दुबईत, असा कोकणातल्या कित्येक मुस्लिम कुटुंबांचा आजचा संसार आहे. शारजात भाडे कमी, म्हणून तिथे लहानसा फ्लॅट. नवरा पहाटेच दुबईच्या वाटेला लागलेला, मुले शाळेच्या बसमध्ये, आणि घरात ती. बहुधा पदवीधर, पण त्या पदवीचा तिथे अजून काही उपयोग झालेला नाही. रत्नागिरी, खेड, दापोली, श्रीवर्धन, म्हसळा या तालुक्यांतल्या कुठल्याही मोहल्ल्यात विचारा, असा एक तरी संसार प्रत्येक घराच्या ओळखीचा निघेल.

अशा कुटुंबाबद्दल गावात दोन गोष्टी बोलल्या जातात. पहिली, ‘मुलं मुसलमान मुलखात वाढतायत, दीनाची काळजी मिटली.’ दुसरी, ‘मुलं हातची गेली, आपली भाषासुद्धा धड बोलत नाहीत.’ गंमत अशी की ही दोन्ही वाक्ये पुष्कळदा एकाच तोंडून आणि एकाच बैठकीत निघतात. दोन्हींत घाई आहे.

दुसऱ्या वाक्याआधी थोडे मागे पाहिले पाहिजे. सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा वाढला आणि कोकणातला तरुण आखातात जाऊ लागला, तेव्हा तो एकटाच गेला. बायको गावी, मुले गावी, आणि बाप दोन वर्षांतून एकदा येणारा पाहुणा. पत्रे यायची, बोलून भरलेल्या कॅसेट यायच्या, बँकेचा ड्राफ्ट यायचा. बाप मात्र यायचा तो बॅगा घेऊन, आणि मुलांना तो ओळखीचा होईपर्यंत त्याची रजा संपलेली असायची. त्या पैशातून मोहल्ल्यांत पक्की घरे झाली, शाळा-मदरशांना वर्गण्या गेल्या, बहिणींची लग्ने झाली. त्या घरांतल्या मुलांची कोकणी-मराठी उत्तम होती हे खरे, पण बापाशी बोलायला ती फारशी वापरली गेली नाही. आखातात आजही कुटुंबाशिवाय राहणाऱ्या माणसाला, मग तो तीन मुलांचा बाप का असेना, ‘बॅचलर’च म्हणतात. भाड्याच्या पाट्यांवरही तसेच लिहिलेले असते. कोकणातल्या एका अख्ख्या पिढीचे पुरुष लग्नानंतर पंचवीस-तीस वर्षे असे बॅचलर राहिले. मुलांना बरोबर नेणाऱ्या आजच्या तरुणाला नावे ठेवण्याआधी हा हिशेब मांडायला हवा. बाप रोज संध्याकाळी घरी येतो, ही गोष्ट साधी नाही.

मात्र नेले म्हणजे वसले, असे तिथे होत नाही. बापाची नोकरी आहे तोवर व्हिसा, आणि व्हिसा आहे तोवर घर. सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून परदेशी नोकरदाराच्या कुटुंबातल्या प्रत्येक माणसामागे महिना १०० रियाल शुल्क लावले, दरवर्षी ते शंभराने वाढवले आणि २०२० मध्ये ते ४०० झाले. पत्नी आणि दोन मुले म्हणजे महिन्याला १२०० रियाल, वर्षाला १४ हजार ४००. ज्यांचा पगार याला पुरला नाही त्यांनी बायको-मुलांना गावी पाठवले आणि स्वतः पुन्हा बॅचलर झाले. शाळेच्या वर्षाच्या मध्येच मुले परत आली. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणावे लागले. त्यांत आयुष्य तिथेच काढलेली माणसे होती, आणि कुवेतशिवाय दुसरे गाव न पाहिलेली मुलेही होती. करोनाच्या साथीत अडकलेल्यांना आणणारी पहिली विमाने ७ मे २०२० रोजी आखातातून निघाली, तीही रमजानमध्येच.

इथे शरियतमधला एक साधा मसला आठवतो. प्रवाशाला, म्हणजे मुसाफिराला, रोजा पुढे ढकलण्याची सवलत कुरआनने दिली आहे. पण मुसाफिर कुठवर मुसाफिर? कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई मसलकाचे. शाफई फिकहनुसार येण्या-जाण्याचे दिवस सोडून चार दिवस राहण्याचा इरादा केला की माणूस मुकीम होतो, त्या जागेचा रहिवासी ठरतो. हनफींकडे ही मुदत पंधरा दिवसांची. आपला मराठी ‘मुक्काम’ आणि हा ‘मुकीम’ एकाच अरबी धातूतून आले आहेत. दीनाने ज्याला चार दिवसांत रहिवासी मानले, त्याला व्हिसाची कचेरी पंचवीस वर्षांनंतरही पाहुणा मानते. आणि दोन्ही कायद्यांखाली एकाच वेळी ही मुले वाढत असतात.

आता गावातले पहिले वाक्य, दीनाची काळजी मिटल्याचे. तिथला रमजान मुलांसाठी सोयीचा असतो, यात शंका नाही. संयुक्त अरब अमिरातीत रमजानमध्ये खासगी नोकरदारांचे कामाचे तास रोज दोनने कमी होतात, रोजा असो वा नसो, धर्म कोणताही असो. शाळा लवकर सुटतात. मशिदींत बायकांसाठी वेगळी जागा असते, त्यामुळे गावी तरावीह घरीच पढणारी सून तिथे मुलांना घेऊन जमातीत उभी राहते. हा तिचा लाभ मोठा आहे आणि परत आल्यावर तो गावातल्या मशिदींनीही तिला द्यावा, एवढे बोलायला हरकत नाही. इफ्तारच्या वेळी शारजा-दुबई रस्त्यावर गाड्या खोळंबतात तेव्हा सिग्नलला स्वयंसेवक खजूर-पाण्याची पाकिटे देतात. कित्येक बापांचा रोजा त्या पाकिटावरच सुटतो.

पण सोय म्हणजे संस्कार नव्हे. मुलाला रमजान दिसतो तो शाळेच्या वेळापत्रकात, मॉलच्या सजावटीत आणि इफ्तार बुफेच्या जाहिरातीत. गावातल्या मुलाला तो वेगळा भेटायचा. सहेरीला उठवणारा माणूस दारावरून हाक मारत जायचा. झाकलेले ताट घेऊन शेजारी पाठवले जायचे, आणि त्या शेजाऱ्यांत हिंदू घरेही असायची. रिकामे ताट परत द्यायचे नाही म्हणून त्यात केळी नाहीतर मूठभर साखर यायची. मुलगा न कळत शिकायचा की हा महिना घेण्यापेक्षा देण्याचा आहे. शारजातल्या इमारतीत समोरच्या दारामागे कोण राहते हेच पुष्कळदा माहीत नसते. तिथे हा धडा आपोआप मिळत नाही, तो आईबापांना मुद्दाम द्यावा लागतो. मुलाच्या हातात ताट देऊन समोरची घंटा वाजवायला लावावी. दार मल्याळी उघडेल, फिलिपिनो उघडेल, पाकिस्तानी उघडेल. भाषा अडेल, ताट अडत नाही.

यात खरा भार पडतो तो आईवर. गावी सहेरीला सासू उठायची, भाकऱ्या जाऊ थापायची, रडणारे मूल कुणीतरी अंगावर घ्यायचे. तिथे ती एकटी. तान्हे मूल रात्रभर जागवते, पहाटे चारला सहेरी, सहाला शाळेचा डबा. रोजा न ठेवणारी लहान मुले दिवसभर खायला मागणार. संध्याकाळी नवऱ्याला घरच्यासारखा इफ्तार हवा, तांदळाची भाकरी हवी, एखाद्या दिवशी सांदणही हवे. दूध पाजणाऱ्या आईला रोजा पुढे ढकलायची मुभा आहे, ती तिने वापरली तर गावाहून फोनवर विचारणा होते. ही विचारणा थांबली पाहिजे. आणि नवऱ्याचे ते दोन तास जे सरकारने कमी केले आहेत, ते झोपेत न जाता स्वयंपाकघरात गेले तर सुन्नतच पाळली जाईल. हजरत पैगंबर घरात घरच्यांच्या कामाला हातभार लावत, हे हदीसमध्ये नोंदलेले आहे.

मग भाषा. तिथल्या खासगी शाळांत अरबी सक्तीची, मुस्लिम मुलांना इस्लामियातही. त्यामुळे सहा वर्षांची मुलगी दादांचा उच्चार सुधारते. ‘ऐन’ घशातून काढा म्हणते आणि दादा व्हिडिओ कॉलवर हसून पुन्हा पढतात. भारतातली घड्याळे दीड तास पुढे, म्हणून इकडे मगरिब होऊन दादा-दादी निवांत बसलेले असतात तेव्हा तिकडे इफ्तारची तयारी चाललेली असते. बोलायची वेळ तीच. पण त्या पाच मिनिटांत मुलगी इंग्रजी-हिंदीत बोलते, दादी कोकणीत बोलते आणि आई मध्ये दुभाषी होते. दुभाष्यामार्फत माया फार दिवस पोचत नाही.

केवळ मायेचाच प्रश्न असता तरी तो मोठा होता, इथे पोटाचाही आहे. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सर्व माध्यमांच्या आणि सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. परतण्याची तारीख आपल्या हातात नसताना मुलाला मराठी अक्षरे न शिकवणे म्हणजे सामान न बांधता बंदरावर उभे राहणे. उर्दूचेही तसेच. दीनाची जी पुस्तके दादांच्या कपाटात आहेत ती उर्दूत आहेत, आणि ज्याला कुरआन पढता येते त्याला उर्दू लिपीचे अर्धे काम झालेलेच असते. रोज अर्धा तास, घरातल्या घरात. रमजानमध्ये शाळा लवकर सुटते, हा महिना त्यासाठी बराच आहे.

गावाचेही काही देणे लागते. रोजे फर्ज झाले ते हिजरतनंतर दुसऱ्या वर्षी, मदीनेत. म्हणजे रमजानचे पहिले रोजे ज्यांनी ठेवले त्यांतले पुष्कळजण घर सोडून परमुलखात आलेले मुहाजिर होते. मदीनेच्या साद बिन रबी यांनी आपल्या वाट्याला आलेल्या अब्दुर्रहमान बिन औफ यांना निम्मी मालमत्ता देऊ केली. त्यांनी दुआ दिली आणि फक्त बाजार कुठे आहे ते विचारले. नोकरीसाठी निघालेला प्रत्येक कोकणी तरुण हा बाजाराचाच रस्ता विचारत असतो. सवाल इतकाच, की त्याची मुले सुटीत गावी येतात तेव्हा त्यांचे अन्सार कोण? मोडकी मराठी ऐकून चुलतभाऊ हसतात, ‘दुबईवाला आला’ म्हणून चिडवतात, आणि पुढच्या वर्षी मुलगा तोंडच उघडत नाही. आईबाप मग म्हणतात, त्याला गाव आवडत नाही.

शिवाय अमिरातीतल्या शाळांची मोठी सुटी जुलै-ऑगस्टची. या मुलांना गाव माहीत आहे ते पावसाळ्यातलेच: चिखल, गेलेली वीज, बंद पडलेला रस्ता. रमजान तर त्यांनी गावात पाहिलेलाच नाही, कारण सध्या तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, शाळेच्या ऐन दिवसांत येतो. पण चांद्रवर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते. २०३० मध्ये रमजान दोनदा सुरू होईल, जानेवारीच्या सुरुवातीला आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. तिथली हिवाळी सुटी याच सुमारास असते. आज पाच वर्षांचे असलेले मूल तेव्हा नऊ-दहा वर्षांचे असेल, पहिला रोजा ठेवण्याच्या वयाचे. तो रोजा दादीच्या हातच्या खजुराने सुटावा असे ज्यांना वाटते त्यांनी आतापासून रजा साठवायला आणि पैसे बाजूला टाकायला लागावे. डिसेंबरची तिकिटे फार महाग असतात.