अमेरिकेत शिकायला: मोठे विद्यापीठ की छोटे कॉलेज?



हल्ली खेड्यातली हुशार मुले-मुलीही अमेरिकेचे नाव काढू लागली आहेत. दहावीला चांगले मार्क पडले की कोणीतरी हार्वर्डचे नाव घेते आणि तालुक्याच्या गावचा एखादा दलाल 'काम करून देतो' म्हणत दारात येतो. त्याला चहा पाजा, पैसे देऊ नका. आधी तिथली रीत समजून घ्या.

तिथल्या नावाजलेल्या खाजगी संस्था दोन प्रकारच्या. हार्वर्ड, येल, कोलंबिया, कॉर्नेल ही मोठी विद्यापीठे. तिथे पहिली पदवी मिळते आणि त्यापुढची एम. ए., पीएच. डी.सुद्धा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, ते या पुढच्या शिक्षणासाठी. दुसरा प्रकार 'लिबरल आर्ट्स' कॉलेजांचा. आर्ट्स म्हटले की आपल्याकडे लोक नाक मुरडतात. पण तिथे गणित, भौतिकशास्त्र, अर्थशास्त्र सगळे शिकवतात. आयोवा राज्यात, मक्याच्या मुलखात, ग्रिनेल नावाचे कॉलेज आहे. १८४६ सालचे, विद्यार्थी सतराशेच्या आसपास. कॉम्प्युटरमधली चिप ज्यांनी शोधली त्यांतला एक, रॉबर्ट नॉइस, १९४९ साली इथूनच शिकून बाहेर पडला. अशा कॉलेजात मुख्य शिक्षण पहिल्या पदवीपर्यंतच, त्यामुळे प्राध्यापकाचे लक्ष तिथल्या मुलांवरच असते.

अर्जाचा कागद बहुतेक ठिकाणी एकच चालतो. नववीपासून बारावीपर्यंतचे मार्क, शिक्षकांची पत्रे, मुलाने स्वतः लिहिलेला निबंध. फरक आहे तो निवडीत.

हार्वर्डकडे वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास अर्ज येतात आणि प्रवेश मिळतो दोन हजारांच्या आतबाहेर. तिथे मार्कांनी कोणी वेगळा दिसत नाही, कारण मार्क सगळ्यांनाच आहेत. छोट्या कॉलेजात वर्षाला चारपाचशेच मुले घ्यायची असतात. त्यामुळे हे मूल आमच्या वर्गात, आमच्या वसतिगृहात काय भर घालील, याकडे बारकाईने पाहतात. आपल्याकडे खरोखर यायची त्याची इच्छा आहे का, याचीही बरीच छोटी कॉलेजे नोंद ठेवतात. पण छोटे म्हणजे सोपे नव्हे. ॲमहर्स्ट आणि स्वार्थमोर या कॉलेजांत शंभर अर्जांमागे दहा जणांनाही जागा मिळत नाही.

मोठ्या विद्यापीठात कधी कधी विभाग आधीच ठरवावा लागतो. कॉर्नेलला शेतकी कॉलेजात जायचे तर अर्ज त्याच कॉलेजाला करायचा. छोट्या कॉलेजात प्रवेश साऱ्या कॉलेजाला मिळतो, मुख्य विषय साधारण दुसऱ्या वर्षाअखेर निवडायचा. ज्या मुलाचे मन अजून ठरलेले नाही त्याला हे बरे.

आता उगवणीची गोष्ट. बियाणे सगळे उगवत नाही हे धरूनच आपण पेरतो. तसेच प्रवेश दिलेली सगळी मुले येत नाहीत, हे धरून कॉलेजे जास्त जणांना बोलावतात. कमी आली तर प्रतीक्षायादीतून नांग्या भरतात. मोठ्या विद्यापीठाला पन्नास मुले इकडेतिकडे झाली तरी चालते, छोट्याला खाटा कमी पडतात. म्हणून छोट्या कॉलेजांचा 'अर्ली डिसिजन' वर भर असतो. त्यात नोव्हेंबरात अर्ज करून, घेतलेत तर येईनच असा शब्द द्यायचा. काही मोठी विद्यापीठेही हीच रीत ठेवतात. हार्वर्ड, येलला मात्र लवकर अर्ज केला तरी असा शब्द द्यावा लागत नाही. शब्द देणे म्हणजे घासाघीस सोडणे. मदत अपुरी पडली तर त्यातून सुटता येते, पण दुसऱ्या कॉलेजाची मदत शेजारी ठेवून पाहता येत नाही. आपल्यासारख्या घराने हे दोनदा विचार करून करावे.

कारण खरा प्रश्न पैशाचाच आहे. खर्च वर्षाला पाऊण कोटी रुपयांच्या घरात जातो. काही संस्था परदेशी मुलाला निवडताना त्याची ऐपत पाहत नाहीत आणि घेतले तर गरजेइतकी मदत देतात. मोठ्यांत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एम. आय. टी., छोट्यांत ॲमहर्स्ट आणि बोडन त्यांत येतात. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली की परदेशी मुलाची वाट अरुंद होते. तरी मदत लागणार असेल तर पहिल्याच अर्जात मागावी, मागाहून मिळेल या आशेवर राहू नये. केंटकी राज्यातले बेरिया कॉलेज तर शिकवणीची फी घेतच नाही, तिथे प्रत्येक मुलाला काम करावे लागते. जमीन विकून पाठवायचा विचार मात्र मनातून काढून टाका.

लाच देऊन जागा मिळते असे कोणी सांगेल. २०१९ साली तिथे असे प्रकरण उघडकीस आले आणि पैसेवाले आईबाप तुरुंगात गेले.

मूल अकरावीत असेल तर आताच हेडमास्तरांना भेटा. नेहमीच्या अर्जाची मुदत बहुधा जानेवारीच्या सुरुवातीला संपते, म्हणजे आपली बोर्डाची परीक्षा व्हायच्या आधी. तेव्हा शाळेलाच अंदाजे मार्क लिहून द्यावे लागतात, आणि इंग्रजीतले पत्रही. निकाल मार्चअखेर लागतात, होय-नाही साधारण १ मेपर्यंत कळवायचे असते.