हिरड्यांची शस्त्रक्रिया आणि बुडणारी रोजी

हिरड्या मागे सरकणे हा विकार प्राणावर बेतणारा नव्हे; म्हणूनच तो उपेक्षित राहतो. थंड पाण्याने कळ येते, दात लांबल्यासारखे दिसतात, आणि अखेर ‘दात काढून टाका’ या सल्ल्यावर प्रकरण संपते. वास्तविक दंतशास्त्राने याहून चांगले मार्ग केव्हाच खुले केले आहेत. ते पालघर आणि बोईसर-तारापूरच्या कष्टकऱ्यांच्या आवाक्यात का येऊ नयेत?

लगतची हिरडी सैल करून उघड्या पडलेल्या मुळावर ओढून शिवणे, हा एक मार्ग. टाळूच्या वरच्या थराखालील ऊतीचा पातळ तुकडा काढून त्याचे कलम त्या मुळावर बसवणे, हा दुसरा आणि बहुधा अधिक भरवशाचा. दोन्ही शस्त्रक्रिया केवळ तोंडातील तेवढाच भाग बधिर करून होतात. मात्र दोन दातांमधील हाड झिजले असेल, तर मूळ पूर्णपणे झाकले जाईल अशी हमी कोणी देऊ नये. मिलर यांनी १९८५ साली केलेले वर्गीकरण हाच इशारा देते. धूम्रपान करणाऱ्यांत यशाचे प्रमाण घटते. मशेरी आणि ताठ ब्रशने जोरजोरात दात घासणे सुटले नाही, तर केलेली शस्त्रक्रियाही वाया जाण्याचा धोका राहतो.

खरी अडचण पुढेच आहे. शस्त्रक्रिया एका दिवसाची. पण तीपूर्वी दातांवरील कीटण काढावे लागते, नंतर टाके काढणे व तपासणी असते. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. परंतु बोईसरहून मुंबई सुमारे शंभर किलोमीटर. औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगाराच्या दृष्टीने प्रत्येक खेप म्हणजे एक बुडालेली रोजी. अशा माणसाने दात काढून घेणेच पत्करले, तर त्याला अडाणी कसे म्हणावे?

जव्हार-मोखाड्यात कुपोषण असताना हिरड्यांचे कौतुक कशाला, असा आक्षेप येईल. परंतु दात गमावलेल्या माणसाला भाकरी चावणेही कठीण जाते, आणि येथे मागणी मोठ्या इमारतीची नाही. कीटण काढणे, टाके काढणे, तपासणी ही कामे पालघर-बोईसरच्या सरकारी रुग्णालयांत व्हावीत. मुंबईच्या महाविद्यालयांतील हिरड्यांच्या तज्ज्ञांनी आठवड्यातून एक दिवस पालघरला यावे. मुंबईची खेप केवळ शस्त्रक्रियेपुरती उरावी. शिक्षकांनी वर्गात मऊ ब्रशने हलक्या हाताने दात घासण्याचा धडा दिला, तर पुढच्या पिढीत तीही अनेकांना करावी लागणार नाही.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, तो ठाण्याचे हेलपाटे वाचावेत म्हणून. कचेरीच्या कागदांचे हेलपाटे वाचवणाऱ्या शासनाने रुग्णाचेही वाचवावेत.