देवीचे देशांतर

यंदाच्या वैशाखात आमच्या घरची मंडळी कुलदेवतेच्या दर्शनास रत्नागिरीहून कवळ्यास जाऊन आली. परतल्यावर नातवाने विचारले, "आजोबा, शांतादुर्गा मूळची केळोशीची ना? मग ती कवळ्यास कशी आली?" प्रश्न लहान खरा, पण त्याचे उत्तर थेट युरोपच्या मध्ययुगापर्यंत जाते.

पाखंड्यांस शोधून दंड करण्यासाठी पोप नववा ग्रेगरी याने १२३१ च्या सुमारास धर्मन्यायाधीश नेमले. देहास पीडा झाली तरी आत्मा तरतो, अशी त्यांची श्रद्धा होती. तेच 'इन्क्विझिशन' १५६० साली गोव्यात आले आणि मधला अल्प खंड वगळता १८१२ पर्यंत टिकले. त्याचा रोख मुख्यतः नवख्रिस्ती कुटुंबांवर होता. १७३६ च्या फर्मानाने तर अंगणातील तुळस आणि अळणी भातसुद्धा अपराध ठरले. १५६७ साली साष्टीतील देवळे जाळली गेली. त्याच धामधुमीच्या काळात भक्तांनी देवीस झुवारीपलीकडे अंत्रुज महालात नेले. तो मुलूख विजापूरच्या आदिलशहाचा होता, हे वाचकांनी विसरू नये.

तथापि त्याच धर्मातील स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यास आला, आपली भाषा शिकला आणि त्याने ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली छापले गेले. त्याच्याही पाठीशी राजसत्ता होतीच; पण त्याने समजावून सांगण्याचे कष्ट घेतले. दुसऱ्याचे कल्याण आपणांसच कळते, या निश्चयाच्या हाती राजदंड आला की धर्माचे शासन होते, एवढाच बोध आम्ही यातून घेतो.

नातवाचे समाधान झाले नव्हते. "तिथल्या पुष्कळ घरांपुढे तुळशीच्या जागी क्रूस होता. ते लोक आपले कोण?"

आम्ही क्षणभर निरुत्तर झालो. देवीस हलविणाऱ्यांची आठवण आपण ठेवली. मागे राहिलेल्यांची ठेवली नाही. त्यांतील कोणी परत येऊ म्हटले, तर 'बाटला' या एका शब्दाने दार लावून घेणारे आपल्यातही थोडे नव्हते. तो शब्द आमच्याही घरात आजवर सहज उच्चारला जात असे.

"भाऊबंद, बाळ," आम्ही म्हणालो. तो शब्द आमच्या घरातून आता हद्दपार केला आहे. वाचकांनीही आपल्या घरी तसे करून पाहावे.