आराखडा एक, भाषा अनेक

यंत्र जितके अजस्र, तितके त्याचे आरेखन एका छताखाली होणे दुरापास्त. एअरबसच्या ए-३८० या दुमजली विमानाचे आराखडे जर्मनी, फ्रान्स, ब्रिटन आणि स्पेन या चार देशांतील संगणकांवर आकार घेत होते. हॅम्बुर्गहून आलेले तारांचे जुडगे तुलूझच्या जुळणीशाळेत मात्र जागेवर बसेनात. एका विमानात ५०० किलोमीटरहून अधिक लांबीच्या तारा! जर्मन व स्पॅनिश अभियंते कॅटिया या सॉफ्टवेअरची चौथी आवृत्ती वापरीत होते, तर फ्रेंच व ब्रिटिश पाचवी. एकीकडे केलेला बदल दुसरीकडे यथातथ्य उमटत नव्हता. २००६ साली सुमारे दोन वर्षांचा विलंब आणि २०१० पर्यंतच्या नफ्यात ४.८ अब्ज युरोंची घट मातृकंपनीला जाहीर करावी लागली.

अभियंत्यांच्या कौशल्यात उणीव नव्हती. उणीव होती ती समाईक भाषेची. अशी भाषा ही अर्थशास्त्राच्या परिभाषेत सार्वजनिक वस्तू होय. ती सर्वांच्याच उपयोगाची, म्हणून तिचा खर्च उचलण्यास एकटा कोणी पुढे येत नाही. उलट, ग्राहक आपल्याच दावणीला राहावा यात विक्रेत्याचा लाभ असतो. १९९४ मध्ये आयएसओ १०३०३, म्हणजेच ‘स्टेप’, हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध होऊ लागले. त्याद्वारे वस्तूचा आकार एका प्रणालीतून दुसरीत नेता येतो. परंतु तो कोणत्या क्रमाने व कोणत्या हेतूने घडला, हे बव्हंशी मागेच राहते.

मराठवाड्याकडे जाणारा मीटरगेज मार्ग रुंद होईपर्यंत मनमाडला माल एका डब्यातून दुसऱ्यात भरावा लागे. त्या खोळंब्याची किंमत अखेर शेतकरी आणि ग्राहकच मोजीत. संगणकीय आराखड्यांचे ‘मनमाड’ आज असेच उभे आहे. एअरबससारखी कंपनी त्याचा आघात सोसू शकते. पण भोसरी-चाकणच्या लहान कारखानदाराचे काय? दोन बड्या ग्राहकांनी दोन भिन्न प्रणालींचा आग्रह धरला, तर दोहोंचे परवाने त्यालाच घ्यावे लागणार.

हा प्रश्न केवळ बाजारावर सोपवून सुटणारा नाही. सरकारी खरेदीत आराखडे खुल्या मानकातच स्वीकारण्याची अट हवी, आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला एखाद्या प्रणालीच्या कळा दाबण्यापलीकडे या मानकांचे व्याकरणही शिकविले पाहिजे. रूळ सर्वांचे असावेत. गाड्या ज्याच्या त्याने खुशाल चालवाव्यात.