शंभरी ओलांडलेला अकरावीचा विद्यार्थी

सुट्टीत भाचीच्या हट्टापायी २००८ सालचा 'ट्वायलाइट' हा इंग्रजी सिनेमा पाहिला. नायक एडवर्ड व्हँपायर, म्हणजे रक्त पिणारा. जन्म १९०१ चा. १९१८ च्या फ्लूच्या साथीत मरता मरता व्हँपायर झाला, तेव्हापासून वय सतराच. शंभरी उलटली तरी स्वारी अजून हायस्कुलातच! शाळा पास झाल्याच्या टोप्यांनी घरची भिंत भरलीय, पण शाळा काही सुटत नाही. उन्हात गेला की जळायचं सोडून मखराच्या चमकीसारखा चमचमतो.

इथवर मी पोट धरून हसले. पण हा बाबा बेलाच्या खोलीत न विचारता शिरतो आणि रात्र रात्र तिला झोपलेली बघत बसतो. भाची म्हणाली, "किती रोमँटिक ना, मावशी?"

मी विचारलं, "आपल्या गल्लीतल्या पोरानं असं केलं तर?"

ती जरा थांबली. म्हणाली, "मी तर ओरडेनच!"

मित्रांनो, सिनेमा बघू नका म्हटलं की मुलं हमखास लपून बघतात. त्यापेक्षा शेजारी बसून बघा, सोबत हसा आणि असा एखादा प्रश्न विचारा. उत्तर त्यांना येतंच.