डिझेलला पिंजरा, सांडपाण्याला पत्र्याची पट्टी

गेल्या महिन्यात आय-४० वर, फ्लॅगस्टाफच्या थोडं अलीकडे, माझ्या गाडीच्या काचेवर भाताची शितं येऊन आदळली. वायपर फिरवला तर सगळीकडे साबणाचा तेलकट फेस. पुढे माझ्या मित्राची बस होती. म्हणजे रिटायर झालेली पिवळी स्कूलबस, जिच्यात त्याने आणि त्याच्या बायकोने वर्षभर सगळे विकांत घालून घर बांधलंय. मागच्या चाकाच्या जुन्या टायरची साल निघाली, ती चाकामागे टांगलेल्या सांडपाण्याच्या पिंपावर आदळली आणि पिंप फुटलं. पाच-सात सेकंद मला रस्ता दिसत नव्हता. माझ्या जागी मोटारसायकलवाला असता तर?

मित्र खाली उतरून म्हणाला, "अरे, साबणाचंच तर पाणी आहे!"

ह्या एका वाक्यासाठी आजचा लेख.

बस घेतली की लोक पहिले चार महिने सोलर, बॅटऱ्या, इन्व्हर्टर ह्यांवर खल करतात. मग लाकूडकाम. मग पाण्याची टाकी, अगदी फूड ग्रेड प्लॅस्टिकची. आणि सगळं झालं की कोणालातरी आठवतं, अरेच्चा, हे पाणी जाणार कुठे? मग उरलेल्या जागेत उरलेल्या पैशात काहीतरी बसवायचं. आमच्या धंद्यात एरर हँडलिंगचं हेच होतं. डेमो झाल्यावर बघू म्हणायचं आणि मग रात्री दोनला फोन वाजतो.

मित्राचा हिशोब बघा. चांगल्या पाण्याची टाकी १०० गॅलन, सांडपाण्याचं पिंप ५५ गॅलन. दोघंही इंजिनिअर, आणि दोघांनाही वजाबाकी सुचली नाही. स्वयंपाक-आंघोळीचं आत घेतलेलं जवळजवळ सगळं पाणी बाहेर येतंच. पिंप भरलं की पाणी सगळ्यात खालच्या भोकातून वर येतं, म्हणजे शॉवरमधून. सकाळी आंघोळीला जावं तर पायाशी कालची भांडी घासलेलं पाणी! (हे त्यांच्याकडे दोनदा झालंय, पण त्यांच्या फोटोंत ते तुम्हाला दिसणार नाही.)

पण माझं खरं भांडण मापाशी नाही, संरक्षणाशी आहे. स्कूलबसच्या खाली वाकून बघा. डिझेलच्या टाकीभोवती जाड लोखंडी पिंजरा असतो. अमेरिकेत मोठ्या स्कूलबसला नियमच आहे, ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाने धडक दिली तरी इंधन ठराविक मर्यादेपलीकडे सांडता कामा नये. कोणीतरी बसून विचार केला, चाचण्या घेतल्या, लोखंड वापरलं. आणि त्याच बसखाली आमचे महाशय भोकाभोकांची पत्र्याची पट्टी घेऊन, पाइप टांगतात ना ती, दोनशे किलोचं पिंप लटकवतात. पाण्याचं वजन लिटरला एक किलो, ५५ गॅलन म्हणजे २०८ लिटर. हे वजन स्थिर नसतं, ब्रेक मारला की पुढे धावतं आणि खड्ड्यात उडी मारतं.

प्लॅस्टिकचं पिंप हे एका जागी उभं राहायला केलेलं असतं. गाडीसाठी जाड भिंतीच्या पॉलिएथिलिनच्या टाक्या मिळतात, त्या घ्याव्यात. त्यांनाही खालून पूर्ण तळभर आधार लागतो, नुसत्या पट्ट्यांवर टांगल्या तर पोट सुटतं. पॉलिएथिलिनला नेहमीचा पाइपचा गोंद चिकटत नाही, तेव्हा जोड रबरी सीलचा किंवा वितळवून बसवलेला हवा. एबीएसच्या टाकीला गोंद चालतो. साधं लोखंड मात्र नकोच, संडासच्या टाकीला तर मुळीच नाही, लघवी ते खाऊन टाकते.

आणि बसवायची कुठे? चाकाच्या फेकीत नाही. सायलेन्सरच्या पाइपाजवळ नाही, आणि इलाजच नसेल तर मध्ये उष्णतारोधक पत्रा हवा. इंजिन पुढे असलेल्या बसमध्ये मागच्या अ‍ॅक्सलपुढे दोन मुख्य गर्डरांच्या मध्ये प्रोपेलर शाफ्ट फिरत असतो, तिथे प्रश्नच नाही. अ‍ॅक्सलच्या मागे शाफ्ट संपतो, तिथली जागा चांगली. टाकी लोखंडी तबकात बसवा, आणि ते तबक गर्डरच्या उभ्या भागात बोल्टने. गर्डरच्या वरच्या-खालच्या कडांना भोकं पाडायची नाहीत, वेल्डिंग करायचं नाही. व्हॉल्व्ह तबकाच्या खाली लोंबता कामा नये, कारण पेट्रोलपंपाच्या चढावर पहिला तोच घासतो.

आता "साबणाचंच पाणी". त्यात तेल असतं, आमटी असते, केस, मेलेली कातडी आणि शॉवरमधलं जे काय ते. बंद टाकीत उन्हाळ्यात एक-दोन दिवस ठेवा आणि झाकण उघडून वास घ्या, मग बोलू. म्हणूनच छतापर्यंत हवेची नळी लागते. हिवाळ्यात त्याच पाण्याचा बर्फ होतो, आकारमान नऊ टक्क्यांनी वाढतं, आणि पाइपाचा कोपरा फुटतो. फ्लॅगस्टाफची हिवाळ्यातली रात्र त्याला पुरेशी आहे.

आणि संडासची टाकी असती तर? ८ ऑगस्ट २००४ ला शिकागोत डेव्ह मॅथ्यूज बँडच्या बसच्या ड्रायव्हरने किन्झी स्ट्रीटच्या जाळीदार पुलावर टाकी सोडली. खालून शंभराहून जास्त पर्यटकांची बोट चालली होती. सुमारे ८०० पौंड मैला थेट डोक्यावर! ते मुद्दाम केलेलं होतं, मान्य. पण खालच्या माणसाला हेतूने काय फरक पडतो?

आम्ही सगळे लहानपणी रेल्वेच्या संडासातून खालचे रूळ बघत वाढलो. आल्या-गेल्या पाहुण्यांपुढे आपल्या देशाला त्यावरून नावंही ठेवली. त्या रेल्वेने आता डब्यांखाली बायो-टॉयलेटच्या टाक्या बसवल्या, आणि आम्ही इथे अ‍ॅरिझोनात, वाळवंटात कोण बघतंय म्हणून, नळी सोडून मोकळे. नॅशनल पार्कात गाडीतलं सांडपाणी नेमून दिलेल्या जागेखेरीज सोडायला बंदी आहे. बाकी सरकारी जमिनीवर धुण्याच्या पाण्याला काही ठिकाणी सूट आहे, पण त्या सुटीचा अर्थ "टाकी कशीही बसवा" असा नाही!

माझं मत विचाराल तर ग्रे वॉटरची टाकी सरळ घरात घ्या, पलंगाखाली. दगड लागत नाही, गोठत नाही, गळली तर त्याच दिवशी कळते. मित्राची बायको म्हणाली, "शी! घाणीवर झोपायचं?" वहिनी, पलंगापासून चार फुटांवर गॅसचा सिलिंडर ठेवलाय, त्याची नाही वाटत शी? एक अडचण मात्र खरी आहे. सिंकचं पाणी उतारावर आपोआप टाकीत जातं, शॉवरची फरशी टाकीपेक्षा खाली राहते. ती फरशी उचला, नाहीतर छोटा पंप लावा. खर्च वाढतो, कबूल.

काल रात्री त्याचा फोन आला. पलंगाखाली १४ इंच मोकळे आहेत म्हणे. १२ उंच, २४ रुंद, ४८ लांब घेतली तर साधारण ६० गॅलन होतात. म्हणजे चांगल्या पाण्याची टाकीही ६० च्या आतच भरायची, ह्यावर आमचं अर्धा तास भांडण झालं. येत्या शनिवारी टेप घेऊन जातोय.